कहाणीतला बाप

"तुमच्या मुलाबद्दल एक चांगली गोष्ट सांगा," मॅडम म्हणाल्या.

काचवाला विचारात पडला. चांगली गोष्ट आठवायला नव्हे. या बाईचं डोकं ठिकाणावर आहे की नाही, याचा तो अंदाज घेत होता. सांगण्यासारखी चांगली गोष्ट असती तर भर सकाळी दुकानाला कुलूप ठोकून, पोराला दंडाला धरून तो इथे कशाला आला असता?

"झोपतो चांगला," तो म्हणाला.

शेजारच्या खुर्चीत मान खाली घालून बसलेल्या पोराने ती आणखी खाली घातली. मॅडम हसल्या. त्यांचं हसू ही दोघं आत आल्यापासून एकसारखं होतं. समोरच्याने रडगाणं गायलं काय आणि शिव्या दिल्या काय, त्यात फरक पडेल असं दिसत नव्हतं.

"आपण इथे दोष शोधत नाही," त्या म्हणाल्या. "आपण बलस्थानं शोधतो."

"शोधा की. मी दीड-दोन वर्षं शोधतोय. गादीसुद्धा उचलून बघितली."

भिंतीवर एक मोठं चित्र होतं. डोंगराच्या टोकावर एक माणूस दोन्ही हात पसरून उभा होता आणि खाली लिहिलं होतं, 'तू करू शकतोस'. हा गृहस्थ कामाच्या वेळी डोंगरावर काय करतोय आणि खाली त्याच्या वाटचं काम कोण उपसतंय, असा प्रश्न काचवाल्याला पडला. बाकी खोलीत गोलात मांडलेल्या खुर्च्या, त्यांवर शाळा सुटलेली, कॉलेज सोडलेली, कामावरून काढलेली पोरं-पोरी, आणि प्रत्येकाच्या छातीवर स्वतःच्या नावाची चिठ्ठी. स्वतःचं नाव विसरतील अशी भीती वाटत असावी. शिक्षण किंवा काम सुटलेल्या मुलांना पुन्हा मार्गी लावायचं, असं या केंद्राचं काम होतं म्हणे. मार्गी लावायला निघालेल्यांना खुर्च्या सरळ रांगेत लावता येत नव्हत्या.

"घरी तुम्ही त्याला कशा नावाने हाक मारता?" मॅडमनी विचारलं.

"महाराज."

"छान. प्रेमाने?"

काचवाल्याने बाईंकडे नुसतं बघितलं. मग उठला, पोराच्या खांद्यावर थाप मारली, ती जरा जोरातच बसली, आणि म्हणाला, "तुमच्या पदरात घालतोय. काही उगवलं तर कळवा." बाहेर पडताना त्याला मागून मॅडमचा मऊ आवाज ऐकू आला. "घरचं वातावरण असंच असतं का नेहमी?" पोराने काय उत्तर दिलं ते त्याला ऐकू आलं नाही. ऐकायला तो थांबलाही नाही. दुकान बंद होतं.

काचवाल्याचं दुकान म्हणजे एक लांबट गाळा. भिंतीला टेकून उभ्या काचा, मधे घोंगडी अंथरलेलं मोठं टेबल आणि त्यावर काच कापायची हिरकणी. खिडक्या, तसबिरी, कपाटांची दारं, आरसे; त्या भागात जे फुटायचं ते त्याच्याकडे यायचं. हात सोन्यासारखा होता. तोंड मात्र असं होतं की गिऱ्हाईक काच घेऊन जाताना जीव मुठीत धरून जायचं. कुणी माप चुकीचं आणलं तर "डोळे घरी ठेवून आलात का" हे ठरलेलं. एका म्हाताऱ्या मास्तरांना तो म्हणाला होता, "तुम्ही पोरांना भूमिती शिकवलीत? मग गावाचं कसं व्हायचं?" मास्तर तरीही त्याच्याकडेच यायचे, कारण तशी काच दुसरं कुणी बसवत नव्हतं. जगात त्याला पसंत पडेल असा माणूस अजून जन्माला यायचा होता.

पोरगा जन्माला आला, तोही पसंत पडला नाही. बारावीत दोन विषय राहिले, तेव्हा काचवाल्याने त्याला दुकानात उभं केलं. पोरगं घाबरत घाबरत शिकत होतं. एकदा शिंप्याच्या दुकानाचा आरसा कापायला घेतला. मोठा, उभा, माणूसभर. काच कापताना रेघ एकदाच मारायची असते. त्याच रेघेवरून हिरकणी दुसऱ्यांदा फिरवली की काच वाटेल तिकडे जाते. पोराचा हात पहिल्या वेळी थरथरला, म्हणून त्याने दुसऱ्यांदा फिरवली. आरसा आडवा फुटला. शिंपी समोरच उभा होता, आणखी दोन गिऱ्हाइकंही होती.

"बघा," काचवाला त्या सगळ्यांना म्हणाला, "देवाने याला हात दिले असं आम्ही इतके दिवस समजत होतो. लाकडं निघाली. माणसाच्या पोटी ओंडका जन्माला आलाय."

शिंपी हसला. गिऱ्हाइकंही हसली. पोराने हिरकणी टेबलावर ठेवली, हात पुसले, घरी गेला आणि गादीवर आडवा झाला. त्या दिवशी जो आडवा झाला तो झालाच. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल, हे काचवाल्याच्या मनालाही शिवलं नाही. त्याच्या मते आळस जात्याच होता, फक्त त्या दिवशी बाहेर पडला.

केंद्रात जायला लागल्यावर पोरगा सकाळी उठायला लागला. "आज सूर्य पश्चिमेला उगवला वाटतं," काचवाला रोज म्हणायचा. सूर्य रोज तिथेच उगवत असावा. पोरगा उत्तर द्यायचा नाही. आंघोळ करायचा, इस्त्रीचा शर्ट घालायचा, डबा घ्यायचा आणि जायचा. राहिलेल्या दोन विषयांसाठी केंद्राने त्याला संध्याकाळच्या वर्गात घातलं होतं. तिथून आल्यावर स्वयंपाकघरात आईजवळ बसून पुस्तक वाचायचा. काचवाला आत आला की पुस्तक मिटायचा.

"तिथे शिकवतात तरी काय?" काचवाल्याने बायकोला विचारलं.

"कसं बसायचं, कसं बोलायचं. मुलाखतीत डोळ्यात बघून बोलायचं म्हणे."

"डोळ्यात बघायला झोपेतून डोळे उघडावे लागतात. तेवढं शिकवलं तरी पुष्कळ झालं."

"आणि कहाणीचा तास असतो," बायको म्हणाली. मग एकदम भांडी घासायला लागली.

कहाणीच्या तासाला म्हणे प्रत्येकाने उभं राहून आपल्यावर काय बेतलं आणि त्यातून आपण कसे सावरलो ते सांगायचं. मुलाखतीला तेच सांगायचं. काचवाल्याला हसू आवरेना. "याच्यावर काय बेतलं? गादी टोचली?" पण न्हाणीघरातून पोराची पुटपुट ऐकू यायची. दाराशी बापाची चाहूल लागली की पुटपुट थांबायची आणि नळ जोरात सुटायचा.

आणि एक दिवस पोराला काम लागलं. हे काचवाल्याला बायकोने सांगितलं, पोराने नाही. चष्म्याची भिंगं घासायचा कारखाना होता. सहा महिने शिकाऊ म्हणून, मग हात बरा दिसला तर कायम.

"भिंगं? म्हणजे काच?" काचवाला इतका हसला की त्याला ठसका लागला. "हा काचेला हात लावणार? आता लोकांनी धडपडायचं नुसतं."

मात्र दुसऱ्या दिवशी शिंपी एका गिऱ्हाइकाला आरशासमोर पुढे-मागे करत पँटचं माप बघत होता, तेव्हा काचवाला कारण नसताना त्याच्या दुकानात शिरला. हवापाण्याचं बोलला आणि जाता जाता म्हणाला, "पोरगं चष्म्याच्या कारखान्यात असतं आता. नाजूक काम." त्या आठवड्यात ही बातमी मास्तरांना कळली, वाण्याला कळली, टपालवाल्याला कळली. न विचारता कळली. घरी मात्र "महाराज, भिंगं किती फोडली आज?" यापलीकडे अक्षर नाही.

त्याच्या मनात आता एकच होतं, आणि ते तो कुणाला बोलून दाखवत नव्हता. पोराला काम करताना एकदा बघायचं होतं. लांबून का होईना. आपल्या पोटच्या पोराचा हात काचेवर सरळ चालतोय हे डोळ्यांनी बघितल्याशिवाय त्याला ते खरं वाटणार नव्हतं.

"येतो एकदा तुझा कारखाना बघायला," तो जेवताना म्हणाला.

पोराचा घास हातातच राहिला. "बाहेरच्यांना आत सोडत नाहीत."

"मी काय भिंगं खिशात घालून आणणार आहे?"

"नियम आहे."

"यांचे नियम," काचवाला म्हणाला. पण ते त्याच्या मनाला लागलं.

सहा महिने संपत आले होते. तेव्हा दुकानात फोन आला. बाईमाणसाचा आवाज होता. कारखान्यातली खिडकी फुटली होती, शिडी आदळली होती, येऊन बसवून द्याल का. कुठला कारखाना ते ऐकल्यावर काचवाल्याने फोन कानाशी तसाच धरून ठेवला. मग माप विचारलं, आणि त्या बाईने ते बरोबर सांगितलं तरी तिला काही लागट बोलला नाही.

घरी येऊन त्याने धुतलेला शर्ट मागितला. कुठे निघालात ते कळल्यावर बायकोचा चेहरा उतरला.

"दुसऱ्या कुणाला पाठवा ना."

"कुणाला पाठवू? माझ्या हाताखाली फौज आहे का?"

"मग तिथे जास्त बोलू नका," ती म्हणाली. "हात जोडते. कमी बोला."

तो कुठेही निघाला की ती हे म्हणायची. हात मात्र कधी जोडले नव्हते. पण काचवाला तेव्हा शर्टाच्या बटणांत होता.

कारखाना म्हणजे एक लांब, उजेडाची खोली होती. टेबलांवर छोटी यंत्रं घरघरत होती, त्यांवर पाण्याची बारीक धार पडत होती, आणि निळे एप्रन घातलेली पोरं-पोरी मान वाकवून भिंगं घासत होती. कुणाचं कुणाकडे लक्ष नव्हतं. काचवाल्याने मान बघूनच पोराला ओळखलं. त्या मानेवर त्याने आयुष्यभर टपल्या मारल्या होत्या. पोरगा पाठमोरा होता. त्याने भिंग यंत्रावरून उचललं, उजेडात धरलं, अंगठा न लावता फिरवून बघितलं आणि परत खाली टेकवलं. घाई नाही, धसमुसळेपणा नाही. काचवाला बघतच राहिला.

"ही खिडकी," सुपरवायझरबाई म्हणाल्या. फोनवर बोललेल्या त्याच. जाडसर, बोलक्या, गळ्यात दोरीला अडकवलेला चष्मा. खिडकी रस्त्याच्या बाजूची होती, पोराच्या टेबलाच्या थोडी पुढे.

काचवाल्याने चौकटीतले तुकडे काढले, काच घट्ट धरणारी जुनी, वाळलेली लांबी पटाशीने खरवडली, नवीन लांबी मळून चौकटीत भरली. बाई बाजूला उभ्या राहून बोलत होत्या. काम करणाऱ्या माणसाशेजारी उभं राहून बोलणाऱ्या माणसांबद्दल काचवाल्याची मतं ठाम होती. आज मात्र तो ऐकून घेत होता. पोराचं नाव कधी निघतं याची वाट बघत होता.

"तो पोरगा दिसतो ना, कडेचा? नव्यांमध्ये हात त्याचाच बरा. त्याचे वडील तुमच्याच धंद्यातले."

काचवाल्याने नवी काच दोन्ही तळव्यांवर उचलून घेतली होती. छाती भरून आली त्याची. "मीच तो" हे शब्द अगदी ओठांवर आले होते.

"गेले बिचारे," बाई म्हणाल्या.

काच हातात असली की माणसाला काही करता येत नाही. चिडता येत नाही, खाली बसता येत नाही, कपाळाला हात लावता येत नाही. काचवाला काच धरून उभा राहिला.

"कधी?" त्याने विचारलं.

"पोरगा बारावीत होता तेव्हा. दुकानातच कोसळले म्हणे. म्हणून शिक्षण सुटलं, मग घरी नुसता पडून होता. केंद्रवाल्यांनी उठवला त्याला. मुलाखतीला आमच्या साहेबांसमोर सगळं सांगितलं त्याने. आमचे साहेब असल्या गोष्टींना भीक घालणारे नाहीत, पण चष्मा काढून पुसत बसले. मी तर रडलेच. असा बाप सगळ्यांना मिळत नाही हो."

"कसा?"

"मागे उभं राहून पोराचा हात हातात घेऊन काच कापायला शिकवायचे. कधी आवाज चढवला नाही. एकदा म्हणे याच्या हातून शिंप्याचा अख्खा आरसा फुटला. मोठा, उभा. पोरगं थरथर कापत होतं. तर वडील हसले. म्हणाले, 'आरसा दुसरा येईल, तुझा हात शाबूत आहे ना? दाखव बघू.' आणि सगळ्या गिऱ्हाइकांसमोर त्याचा हात उलटसुलट करून बघितला."

तो आरसा काचवाल्याला चांगला आठवत होता. कुठून कुठे तडा गेला तेही आठवत होतं. पोराचा हात बघितल्याचं मात्र त्याला आठवेना. कापलं होतं की काय तेव्हा? रक्त आलं होतं? पोराने हात पुसले होते, एवढं त्याच्या डोळ्यांसमोर होतं.

"एकट्याने बसवू नका ती," बाई म्हणाल्या आणि त्यांनी हाक मारली. "ये रे इकडे. काकांना जरा हात दे."

पोराने मान वर केली. बाप दिसला. त्याच्या चेहऱ्यावरचा रंगच उतरला. तो तसाच पुढे आला, एप्रनला हात कोरडे केले, आणि काचेची दुसरी बाजू धरली. काचेच्या एका बाजूला एक, दुसऱ्या बाजूला दुसरा, आणि मधून सगळं आरपार दिसत होतं. पोराचे डोळे काय मागत होते तेही.

बापाच्या हातात त्या वेळी पोराची नोकरी होती. एक शब्द बोलला असता तर खेळ खलास. आणि बोलायला त्याच्याकडे शब्दांची कधी कमी नव्हती.

"सोडू नको," काचवाला म्हणाला.

"नाही." पोराने पकड सारखी केली. "धरलंय, काका."

दोघांनी काच उचलली. काचवाल्याची नजर सवयीने पोराच्या हातांकडे गेली. बोटांनी नाही, तळव्याने धरली होती. कडेपासून बरोबर तेवढी आत. काच चौकटीत टेकली, लांबीत बसली, कुठे फट राहिली नाही. पोराने ती दाबून धरली आणि बापाने बारीक खिळे ठोकले. पोराचा हात हलला नाही.

"अरे, हे तुझ्या वडिलांना ओळखत असतील," बाई पोराला म्हणाल्या. मग काचवाल्याकडे वळल्या. "एकाच धंद्यातले तुम्ही. ओळखत होतात?"

"ओळखत होतो."

"कसे होते हो?"

पोरगा खिडकीकडे तोंड करून उभा होता. त्याचे कान लाल झाले होते.

काचवाल्याने लांबीचा गोळा हातात घेतला आणि कडेने दाबत दाबत एक बाजू पुरी केली. "हात बरा होता त्याचा," तो म्हणाला. "तोंड वाईट. माणसाला चार लोकांत उघडं पाडायचा. काही गरज नसताना."

"अगंबाई. पोरगा तर म्हणतो, कधी आवाज चढवला नाही."

काचवाल्याने दुसरी बाजूही दाबून घेतली.

"मग नसेल चढवला," तो म्हणाला. "आम्ही बाहेरचे. घरचं पोराला जास्त ठाऊक."

त्याने फडक्याने काच पुसली, हत्यारं पिशवीत टाकली आणि निघाला. पोराकडे त्याने वळून बघितलं नाही.

तो थेट केंद्रात गेला. जाताना वाटेत काय काय बोलायचं ते त्याने जमवून ठेवलं होतं. त्यातलं निम्मं तरी चारचौघांत बोलण्यासारखं नव्हतं. खुर्च्या अजून गोलातच होत्या. डोंगरावरचा माणूस अजून खाली उतरला नव्हता. मॅडम एका मुलीची कहाणी ऐकत होत्या.

"ओळखलंत?" काचवाला म्हणाला. "मी तो मेलेला."

मॅडमनी मुलीला बाहेर बसायला सांगितलं. हसू तसंच होतं. "बसा ना. थोडं पाणी?"

"मेलेल्याला पाणी पाजायची गरज नाही. काय बिघडवलं होतं मी तुमचं?"

"हे बघा," मॅडम म्हणाल्या, "कहाणीत एक धक्का लागतो. कंटाळा आला म्हणून कॉलेज सोडलं आणि दीड वर्ष झोपून होतो, असं सांगून कोण काम देईल? तुम्ही द्याल?"

काचवाल्याने दिलं नसतंच.

"तुम्ही शिकवलंत त्याला. बापाला मार म्हणून."

"मुळीच नाही. मी त्याला आजारपण सुचवलं होतं. टायफॉइड." मॅडमना जरा राग आल्यासारखा वाटला, कामाच्या बाबतीत त्यांनाही अभिमान होता. "वडील त्याने निवडले. तशी पद्धत आहे आमची, जे जवळचं वाटेल ते मुलांनी निवडायचं. यंदा वडील जास्तच झाले, म्हणून आता नव्या मुलांना मी वडील घेऊ देत नाही. आजीवर भागवते."

या बाईची कीव करावी की हिला उचलून डोंगरावर नेऊन ठेवावं, हे काचवाल्याला ठरवता येईना.

"आणि ते हात धरून शिकवणं? तो आरसा? तो कुणाच्या डोक्यातला?"

"त्याच्याच. बाकीच्यांना मला वाक्यं सांगावी लागतात. तो सांगायला लागला आणि थांबेचना. मी एक शब्द घातलेला नाही. मला तर वाटलं होतं," मॅडम पहिल्यांदाच हसायच्या थांबल्या, "की घरी तुम्ही तसे असाल. फक्त बाहेर असं बोलत असाल."

वाटेत जमवलेलं सगळं काचवाल्याच्या तोंडातच राहिलं. तो उठला. दारापाशी थांबून त्याने खिडकीला अंगठा लावून बघितला. "काच सैल आहे तुमची," तो म्हणाला. "डोंगराकडे बघता, जरा इकडेही बघा." एवढंच त्याच्याने झालं.

घरी बायको दारातच उभी होती.

"तुला ठाऊक होतं," तो म्हणाला.

"मला विचारलं होतं त्याने. आई, तुला घेऊ की बाबांना. मी म्हटलं, मला कशाला, मी तुला डबा देते."

काचवाल्याला हसू आलं. तो तोंड धुवायला गेला आणि बराच वेळ नळ सोडून उभा राहिला. आता त्याला कळलं, न्हाणीघरात नळ कशासाठी सोडतात ते.

संध्याकाळचा वर्ग करून पोरगा आला. चपला काढल्या आणि तिथेच उभा राहिला. काचवाला खुर्चीत बसला होता.

"हात दाखव," तो म्हणाला.

पोराने हात पुढे केला. काचवाल्याने तो उलटा करून उजेडात धरला. तळव्याच्या कडेला, करंगळीखाली, एक पांढरा व्रण होता. जुना. टाका घालायला हवा होता, घातला गेला नव्हता.

"तेव्हाचा?"

पोराने मान हलवली.

"बोलला नाहीस."

"तुम्ही शिंप्याशी बोलत होतात."

काचवाल्याने हात सोडला नाही. त्याला माफी मागायची होती आणि ती कशी मागतात हे त्याला येत नव्हतं. जन्मात कधी मागितलेली नव्हती. लाज मात्र त्याला स्पष्ट वाटत होती. ज्याच्या-त्याच्याकडे तुच्छतेने बघत आयुष्य काढलं, आणि आज त्याला तुच्छ वाटावा असा एकच माणूस त्या घरात होता, तो खुर्चीत बसलेला.

"कायम झालो की मी खरं सांगतो त्यांना," पोरगा म्हणाला. "शप्पथ."

"काही सांगू नको. खोटं बोललास म्हणून हाकलतील. ती बाई रडलीये तुझ्या बापासाठी, तिला काय तोंड दाखवशील?" तो जरा थांबला. "राहू दे त्याला. बरा माणूस आहे. मला आवडला असता."

"बाबा..."

"तिथे काका. तिथे चुकलास तर गाठ माझ्याशी आहे, महाराज." सवयीने तोंडातून गेलं. मग त्याने पोराचा हात सोडला आणि बायकोला म्हणाला, "वाढ त्याला. दिवसभर उभा असतो."

पोरगा कायम झाला. दोन्ही विषय सुटले. केंद्राने त्याला नव्या मुलांसमोर कहाणी सांगायला बोलावलं, तेव्हा तो गेला नाही, कामाचं कारण सांगितलं. घरी काचवाला आता पूर्वीपेक्षा कमी बोलतो, म्हणजे इतरांपेक्षा जास्तच. दुकानात गिऱ्हाइकांचा उद्धार चालूच असतो. फक्त कुणी पोराबाळाला बरोबर घेऊन आलं तर तो मधेच थांबतो आणि मापाची पट्टी शोधायला लागतो.

मधूनमधून तो वाट वाकडी करून कारखान्यावरून जातो. आत जायला काही कारण लागतं आणि ते मिळत नाही. रस्त्याच्या पलीकडून त्याला खिडकी दिसते आणि खिडकीतून पोराची वाकलेली मान. एकदा पोराने वर बघितलं. मागे सुपरवायझरबाई उभ्या होत्या. पोराने ओळखीच्या माणसाकडे बघून हलवतात तेवढीच मान हलवली. काचवाल्यानेही तेवढीच हलवली.

मग त्याने सवयीने खिडकी नीट बघून घेतली. लांबी वाळून घट्ट झाली होती, चारही कडा सारख्या होत्या. काच पक्की बसली होती. इतक्यात काही ती फुटणार नव्हती.